गप्प राहिलेल्यांचं मत कोण घेणार?

नावाचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. लग्नानंतर बाईने नाव बदलावं का, यावर आपण किती चर्चा केल्या. सातबारावर बाईचं नाव लागावं म्हणून शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायची मागणी अनेक वर्षं होत राहिली, आणि शेवटी १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केलं. नाव कागदावर कुणाचं लागतं, यावर हक्क कुणाचा हे ठरतं, हे आपण अनुभवाने शिकलो.

आता नावाची आणखी एक नोंदवही आहे, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष नाही. ही नोंदवही इंटरनेटवरच्या नावांची, म्हणजे डोमेन नावांची आहे. आज जवळपास प्रत्येक संस्थेची, गटाची वेबसाइट असते. तिचा पत्ता एखाद्या तरुण कार्यकर्तीने किंवा तिच्या भावाने कधीतरी नोंदवलेला असतो. वर्षाला थोडे पैसे भरले की झालं, अशी आपली समजूत असते. पण त्या नावावर उद्या कुणी हक्क सांगितला तर? किंवा आपल्या संस्थेचं नाव दुसऱ्याच कुणी नोंदवून बसलं तर? या भांडणांचा निवाडा करणारी एक यंत्रणा पंचवीसहून अधिक वर्षं चालू आहे. ती नीट चालते का, हे वापरणाऱ्यांना विचारायचे प्रयत्नही अधूनमधून होतात. माझा मुद्दा या विचारण्याबद्दल आहे. कुणाला विचारलं जातं, कसं विचारलं जातं आणि कोण नेहमी सुटून जातं, हे पाहिलं तर त्यात आपल्या ओळखीचं बरंच काही सापडतं.

आधी यंत्रणा समजून घेऊ. जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था आयकॅन ही १९९८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थापन झालेली संस्था पाहते. त्या काळात मोठ्या कंपन्यांची नावं भलतेच लोक नोंदवून ठेवायचे आणि मग कंपनीकडे पैसे मागायचे. कोर्टात जायचं तर कुठल्या देशाच्या, हाच पहिला प्रश्न. तेव्हा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने, म्हणजे वायपोने, देशोदेशी सल्लामसलत करून एप्रिल १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यावरून आयकॅनने त्याच वर्षी एकसमान धोरण स्वीकारलं. त्याला यूडीआरपी म्हणतात. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट असलं नाव घेणारा प्रत्येक जण नोंदणीच्या करारातच हे धोरण मान्य करतो. आपणही ते मान्य केलेलं आहे. तो करार आपल्यापैकी किती जणींनी वाचला असेल?

या धोरणाखाली तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, ते नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. दोन, ज्याने ते नोंदवलं त्याला त्यावर काही हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही. तीन, ते नाव वाईट हेतूने नोंदवलं आणि वाईट हेतूने वापरलं जात आहे. समोरच्याला उत्तर द्यायला वीस दिवस मिळतात. निकाल दोनच प्रकारचा असतो, नाव रद्द करायचं किंवा तक्रारदाराला द्यायचं. नुकसानभरपाई नाही, समोरासमोर सुनावणी जवळपास नाहीच. सगळं कागदांवर, म्हणजे आता ईमेलवर चालतं. वायपोकडे एक ते पाच नावांसाठी एका पंचाची फी पंधराशे डॉलर आहे, तीन पंचांसाठी चार हजार. तक्रारदाराने एकच पंच मागितला आणि आपल्याला तीन हवे असतील, तर अर्धी फी, म्हणजे दोन हजार डॉलर आपण भरायचे.

निकाल विरुद्ध गेला तर कोर्टाचा रस्ता खुला आहे असं सांगतात. आहे खरा. पण कामकाजाच्या दहा दिवसांत दावा दाखल केला तरच नावाचं हस्तांतर थांबतं. तोही तक्रारदाराने आधीच निवडून ठेवलेल्या ठिकाणी, म्हणजे नोंदणी कंपनीचं मुख्य कार्यालय जिथे असेल तिथे किंवा नाव घेणाऱ्याचा पत्ता असेल तिथे. सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गटाने अमेरिकन कंपनीकडून नाव घेतलं असेल, तर हे कोर्ट अमेरिकेतलं असू शकतं. 'खुला रस्ता' या शब्दाचा अर्थ कुणाच्या पायात किती बळ आहे यावर ठरतो. हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

आता बायकांच्या नावांचं काय झालं ते पाहू. २००० सालच्या मे महिन्यात दोन निकाल आठवड्याभरात लागले. इंग्रज लेखिका जॅनेट विंटरसन यांचं नाव दुसऱ्याने नोंदवलं होतं. अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स यांचंही तसंच. दोघींच्या नावांचा रीतसर ट्रेडमार्क नव्हता, तरी त्यांचं नाव त्यांच्या कामाशी इतकं जोडलं गेलं आहे की त्याला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळालं पाहिजे, असं पंचांनी मानलं आणि नावं परत दिली. याचा आनंद वाटावा. पण २००२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या तेव्हाच्या नायब राज्यपाल कॅथलीन केनेडी टाउनसेंड यांची तक्रार फेटाळली गेली. कारण काय, तर त्यांचं नाव राजकारणात गाजलेलं असलं तरी ते व्यापारात वापरलेलं नाव नव्हतं.

हा तर्क जरा उलगडून पाहा. पुस्तकं विकली जातात, सिनेमा विकला जातो, म्हणून त्या नावांना संरक्षण. लोकांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या बाईचं नाव विकाऊ नाही, म्हणून नाही. मग आपल्या शाळेतल्या शिक्षिकेचं, आशा कार्यकर्तीचं, सरपंचबाईचं काय? तिचं नाव नोंदवून त्यावर कुणी सूडाने घाणेरडा मजकूर टाकला, तर या यंत्रणेच्या दारात तिला उभंही राहता येत नाही. तिने सायबर पोलिसांकडे जायचं, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तक्रार करायची. मजकूर निघाला तरी नाव त्याच माणसाकडे राहू शकतं. हा प्रश्न कुणाच्या ध्यानात आला नव्हता असंही नाही. वायपोने २००१ मध्ये दुसरा अहवाल दिला, त्यात व्यक्तींच्या नावांचा विचार झाला. शेवटी धोरणात बदल करू नये, अशीच शिफारस झाली.

दुसरी बाजूही बघायला हवी. आपण कधी एखाद्या कंपनीविरुद्ध मोहीम उघडतो. तिच्या औषधाबद्दल, तिच्या कारखान्यातल्या बायकांच्या पगाराबद्दल बोलतो. त्या कंपनीचं नाव मोहिमेच्या वेबसाइटच्या पत्त्यात आलं, तर ती आपल्यावर तक्रार करू शकते. नफ्याशिवाय केलेला रास्त वापर हा बचाव धोरणात आहे. पण टीका करणाऱ्या वेबसाइटांबाबत पंचांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि पत्त्यात नुसतं कंपनीचंच नाव असेल तर बचाव बराच अवघड जातो. शिवाय निकाल नावानिशी प्रसिद्ध होतात. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पत्ता लपवून राहणाऱ्या बाईच्या, किंवा तिला आसरा देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नाही.

आता मुख्य प्रश्न. ही व्यवस्था वापरणाऱ्यांना कशी वाटते, हे कुणी विचारलं का? विचारलं. २००१ मध्ये आयकॅनच्या नावविषयक समितीने आढावा घ्यायला कार्यगट नेमला आणि प्रश्नावली काढली. २०१६ पासून ट्रेडमार्क संरक्षणाच्या सगळ्याच उपायांचा आढावा सुरू झाला. यूडीआरपी त्यात दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवलं गेलं. त्यासाठी २०२२ मध्ये एक स्थितिदर्शक अहवाल काढून त्यावर लोकांची मतं मागवली. धोरणाचा गाभा मात्र १९९९ मध्ये होता तोच आहे.

मतं कुणाची येतात? ट्रेडमार्क मालकांच्या संघटनांची, त्यांच्या वकिलांची, पंचांची, निवाडा करणाऱ्या संस्थांची, आणि नावांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांची. हे सगळे या व्यवस्थेत पुन्हा पुन्हा येणारे लोक आहेत. त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत, इंग्रजी आहे, वेळ आहे. जो एकदाच या यंत्रणेत सापडला, हरला आणि निघून गेला, तो मत नोंदवायला परत येत नाही. आणि ज्याला नोटीस आली हेच कळलं नाही, त्याचं मत कोण घेणार?

उत्तर न देणारे खूप आहेत. उत्तर दिलं नाही म्हणजे आपोआप हरलं असं नियमात नाही. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्याच लागतात. पण गप्प राहिल्याचा अर्थ पंच आपल्याविरुद्ध लावू शकतात. २००१ मध्ये कॅनडातले कायद्याचे प्राध्यापक मायकल गाइस्ट यांनी तोवरचे निकाल तपासले. एकाच पंचापुढच्या प्रकरणांत तक्रारदार सुमारे ८३ टक्के वेळा जिंकले होते, तीन पंचांपुढे सुमारे ६० टक्के. त्यावरून वाद झाला. टीकाकार म्हणाले की एका पंचापुढच्या प्रकरणांत उत्तरच न आलेली प्रकरणं जास्त असतात, म्हणून आकडा फुगतो. असेलही. पण मग पुढचा प्रश्न विचारायला नको का? इतके लोक उत्तर का देत नाहीत? ते सगळे लबाड होते म्हणून गप्प राहिले, की काहींना भाषा कळली नाही, फी परवडली नाही, ईमेल जुनी झाली होती, वीस दिवसांत वकील मिळाला नाही? निकालांच्या आकड्यांत याचं उत्तर नाही. ते फक्त त्या माणसांकडे आहे, आणि त्यांना शोधून विचारायला हवं.

समाजकार्यात काम करणाऱ्या आपल्याला हे चित्र चांगलं ओळखीचं आहे. समुपदेशन केंद्रांच्या अहवालात 'तडजोड झालेली प्रकरणं' असा रकाना असतो. तडजोड म्हणजे बहुतेक वेळा बाई सासरी परत गेली. हा आकडा यश म्हणून मोजला जातो. सहा महिन्यांनी ती कशी आहे हे विचारायला माणूस नसतो, त्याचा निधी नसतो. 'पुन्हा आली नाही' याचा अर्थ 'समाधान झालं' असा लावायचा की 'आशा सोडली' असा? कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा आला तेव्हा स्वस्त, जलद, वकिलांच्या कचाट्यातून मोकळा न्याय मिळेल असं आपल्याला वाटलं होतं. वकील हा हक्क म्हणून मिळणार नाही, अशी तरतूदही त्यात आहे. पुढे आपणच पाहिलं, की कागद वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला तो साधेपणा सारखा उपयोगी पडत नाही. प्रक्रिया सोपी केली की ती समान होते, हा भ्रम आहे. नावांच्या निवाड्यातही तोच भ्रम दिसतो.

हा प्रश्न परदेशातला आहे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफ या नावाशी मिळत्याजुळत्या 'रॅडिफ'चा वापर रोखला होता. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं ठरवलं. तो निकाल न्यायमूर्ती रूमा पाल यांनी लिहिला. डॉट इन नावांसाठी २००५ पासून आपला स्वतंत्र नियम आहे, त्याला आयएनडीआरपी म्हणतात. निक्सी ही संस्था तो चालवते, लवाद नेमते. त्यात एक महत्त्वाचा फरक आहे. यूडीआरपीत नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं दाखवावं लागतं, इथे दोन्हींपैकी एक पुरतं. म्हणजे आपल्या देशात तक्रारदाराचं काम थोडं सोपं आहे आणि बचाव करणाऱ्याचं अवघड. शिवाय २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत ही नावं मिळू लागली, मराठीतही. नाव मराठीत घेता येतं, पण भांडण झालं तर कारभार इंग्रजीत. गावातल्या बचतगटाच्या संघाने मराठी नाव घेतलं आणि त्याला इंग्रजी नोटीस आली, तर ती वाचून कोण देणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. ही यंत्रणा जलद आहे म्हणूनच फसवणूक थांबते, असं म्हणतात. बँकेच्या नावासारखा पत्ता घेऊन पैसे लुबाडणारे, नोकरीचं आमिष दाखवून नोंदणी शुल्क उकळणारे, कर्ज देतो म्हणून आधारचा नंबर घेणारे, यांच्या जाळ्यात बायकाही सापडतात. एकट्या वायपोकडे २०२३ मध्ये सहा हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांतल्या अनेक अशा उघड लबाडीच्या असतात. तिथे वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालायला लावणं योग्य होणार नाही. ही यंत्रणा मोडीत काढा, असं माझं म्हणणं नाही. पण लबाडाला पकडायला ठेवलेली वीस दिवसांची मुदत भोळ्या माणसालाही तशीच लागते. दोघांतला फरक व्यवस्थेला करता येतो का, हे तपासायचं असेल तर हरलेल्यांना आणि गप्प राहिलेल्यांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. चांगल्या यंत्रणेला याची भीती वाटायचं कारण नाही.

मग कसं विचारावं? आपल्या कामाच्या अनुभवातून काही सूचना करता येतील.

पहिली, ज्याने निवाडा केला त्यानेच मत विचारू नये. केंद्रातल्या समुपदेशकाने 'तुम्हाला बरं वाटलं ना?' असं विचारलं, तर बाई 'हो' म्हणते. इथेही विचारणारी संस्था वेगळी असावी.

दुसरी, उत्तर न दिलेल्यांचा वेगळा नमुना काढून त्यांच्यापर्यंत पोचावं, त्यांच्या भाषेत, आणि फक्त ईमेलने पोचून भागणार नाही. जी ईमेल आधीच वाचली गेली नाही, तिच्यावरच पुन्हा प्रश्नावली पाठवण्यात अर्थ काय?

तिसरी, प्रश्न निकालापुरते नसावेत. नोटीस कधी कळली, कुणी समजावून दिली, खर्च किती झाला, वकील मिळाला का, नाव गेल्यावर संस्थेच्या कामाचं काय झालं, तुमचं नाव जाहीर झाल्याने त्रास झाला का, हे विचारायला हवं. उत्तर देणारी व्यक्ती आहे, छोटी संस्था आहे की कंपनी, बाई आहे की पुरुष, कोणत्या देशातली, हेही नोंदवलं पाहिजे. नाहीतर 'वापरणारे' या एका शब्दाखाली सगळे सारखे दिसतात.

चौथी, ज्यांना तक्रार करताच आली नाही त्यांनाही विचारावं. जिच्या नावाने घाण पसरवली गेली पण जिचं नाव ट्रेडमार्क नाही म्हणून दार बंद राहिलं, ती या यंत्रणेच्या कुठल्याच यादीत नाही. ती सापडेल आपल्यासारख्या गटांच्या नोंदींत.

पाचवी, मत देणारीचं नाव गुप्त राहावं, आणि मतांचं काय केलं हे तिला कळवावं. माहिती घेऊन जाणारे आपण पुष्कळ पाहिले. परत येऊन सांगणारे थोडे.

हे सगळं कुणी आपणहून करील अशी वाट पाहत बसू नये. आयकॅन आपल्या धोरणांवर मतं मागवते तेव्हा ती कुणालाही देता येतात. निक्सीला निवेदन देता येतं. चारदोन संस्थांनी मिळून एक पत्र पाठवलं, तरी त्या ढिगात एक वेगळा आवाज पडेल. त्यासाठी आधी आपल्याकडची माहिती गोळा करायला हवी. किती गटांची नावं गेली, किती जणींच्या नावाचा गैरवापर झाला, किती जणींना नोटीस कळलीच नाही, हे आपल्या बैठकांत एकदा विचारून लिहून काढू या.

तोवर घरचं काम करून ठेवलेलं बरं. संस्थेचं डोमेन नाव कुणा एकीच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर असू द्या. नोंदणीला दिलेली ईमेल रोज पाहणारी कुणीतरी असावी. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या कागदांत लिहून ठेवा. जुने अंक, पत्रकं, अहवाल, संस्थेची नोंदणी, म्हणजे हे नाव आपण किती वर्षं वापरतो आहोत याचे पुरावे एका फाइलमध्ये राहू द्या. आणि नोटीस आलीच तर गप्प बसू नका. मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, वीस दिवसांच्या आत आपलं म्हणणं पाठवा.

सातबारावर नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याच्या कचेरीत खेटे घातले. ही नोंदवही दूरच्या देशात आहे आणि तिला खिडकी नाही. पण तिचे नियम माणसांनीच केले आहेत, आणि ते बदलावेत का हे ठरवण्यासाठी लोकांना विचारलंही जातं. त्या लोकांत आपल्याला धरतात का, हे आपणच विचारायला हवं.